असईचे गोलंदाज

आपल्या जालना जिल्ह्यात असई नावाचे एक लहानसे गाव आहे. भोकरदनहून पूर्वेकडे गेले, की केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात ते लागते. सभोवार शेते, नद्यांचे उंच दरडीचे काठ, आणि खेड्याची नेहमीची वर्दळ. येथे कधी जगाने दखल घ्यावी असे काही घडले असेल, असे परक्या माणसाला वाटणारही नाही. पण स्कॉटलंडच्या एका पलटणीने या गावाचे नाव अभिमानाने आपल्या निशाणावर मिरवले आहे. आणि ज्याने १८१५ साली वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव केला, त्या वेलिंग्टनला म्हातारपणी कोणीसे विचारले, की लढाईचे सर्वांत उत्तम काम आपल्या हातून कोठे झाले? तेव्हा त्याने वॉटर्लूचे नाव घेतले नाही, असईचे घेतले.

ही लढाई झाली २३ सप्टेंबर १८०३ रोजी. तेव्हा वेलिंग्टन हा नुसता आर्थर वेलस्ली होता. मराठी राज्य स्वतंत्र राहणार की कंपनीच्या छायेखाली जाणार, हा त्या दिवशीचा प्रश्न होता. उत्तर काय मिळाले ते आपणांस ठाऊकच आहे. पण आपल्या शाळांतून मुलांना त्याचे कारण सांगताना आपण चटकन म्हणून मोकळे होतो, की इंग्रज कवायती होते, त्यांच्याजवळ चांगल्या तोफा होत्या, आणि आपले लोक जुन्या पद्धतीने लढत होते. असईच्या बाबतीत हे साफ खोटे आहे. ते कसे, एवढेच आज आपणांस सांगायचे आहे.

थोडे मागे जाऊ. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ शिंदे आणि पेशवे यांच्या फौजा मोडल्या. दुसरा बाजीराव इंग्रजांच्या आश्रयाला गेला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने वसईचा तह केला. कंपनीची फौज आपल्या मुलखात ठेवायची, तिचा खर्च द्यायचा, आणि कंपनीला विचारल्याखेरीज कोणाशी तह वा लढाई करायची नाही. हे दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांना मान्य होणे शक्य नव्हते. होळकर मात्र या वेळी बाजूला बसून राहिले. ऑगस्ट १८०३ मध्ये युद्ध पेटले. वेलस्लीने १२ ऑगस्टला अहमदनगरचा किल्ला घेतला. सप्टेंबरच्या आरंभी त्याचा सहकारी कर्नल स्टीव्हन्सन याने आपला जालन्याचा किल्ला घेतला.

शिंद्यांची फौज कशी होती ते आता पाहा. महादजी शिंद्यांनी द बॉयन नावाच्या अधिकाऱ्याकडून कवायती पलटणी उभारून घेतल्या होत्या. त्यांना लोक कंपू म्हणत. शिपाई बहुतेक उत्तरेकडचे, अंतर्वेदी, अवध, रोहिलखंड या भागांतले. म्हणजे ज्या प्रदेशांतून कंपनी आपल्या बंगाल पलटणींसाठी माणसे भरती करी, तेच हे प्रदेश. खांद्यावर चकमकीची बंदूक, ठरलेल्या हुकमावर पाऊल, आणि नेमून दिलेल्या परगण्यांच्या वसुलातून पगार. आग्र्याला तोफा ओतण्याचे कारखाने होते. तेथल्या पितळी तोफा युरोपातल्या तोफांच्या तोडीच्या होत्या, हे इंग्रजांनीच लिहून ठेवले आहे.

शिंद्यांच्या दरबारी राहून आलेला इंग्रज वकील कर्नल कॉलिन्स वेलस्लीला औरंगाबादेस भेटला. घोडेस्वारांची फिकीर करू नका, पण त्यांचे पायदळ आणि तोफा पाहून चकित व्हाल, अशा अर्थाचे त्याने बजावले. तरुण अधिकारी त्याला हसले म्हणतात. महिन्याच्या आत त्यांचे हसू मावळले.

पण या फौजेला एक कीड लागलेली होती. वरचे अधिकारी परके होते, कोणी फ्रेंच, कोणी जर्मन, कोणी इंग्रज. कंपनीने जाहीरनामा काढला, की शिंद्यांची नोकरी सोडून याल तर तुमची सोय लावू. कित्येकजण गेले. खुद्द उत्तरेतला सेनापती पेराँ सप्टेंबरमध्ये इंग्रजांच्या स्वाधीन झाला. युद्ध सुरू होते न होते तोच पलटणींच्या माथ्यावरची माणसे निघून गेली. असईस कवायती पायदळाचा मुख्य होता पोलमन, हा हॅनोव्हरचा, एके काळी कंपनीच्याच पदरी सार्जंट असलेला. त्याच्या हाताखाली सुमारे दहा-अकरा हजार कवायती शिपाई आणि शंभरच्या आसपास तोफा. शिवाय तीस-चाळीस हजार घोडेस्वार भोकरदनच्या बाजूला पसरलेले.

उलट वेलस्लीजवळ स्वतःची माणसे सुमारे साडेचार हजार, त्यांत बरेचसे मद्रासकडचे शिपाई. जोडीला म्हैसूरचे आणि पेशव्यांचे मिळून पाचेक हजार स्वार. होय, पेशव्यांचे! मराठे घोडेस्वार त्या मोहिमेत इंग्रजांच्या बाजूला होते. बापू गोखले त्यांतले एक. हेच बापू गोखले पुढे १८१८ साली आष्टीला इंग्रजांशी लढता लढता पडले. पंधरा वर्षे उशिरा कळले, पण कळले.

वेलस्लीचे बळ दुसरीकडे होते, आणि खेड्यातल्या माणसाला ते लवकर उमजेल. ते होते बैलांत आणि धान्यात. वंजाऱ्यांच्या तांड्यांकडून त्याने रोख पैसे मोजून धान्य आणवले. तोफांसाठी म्हैसूरचे नामांकित बैल आणले. लूट करणाऱ्या आपल्याच शिपायांना कडक शिक्षा केल्या, कारण लुटलेल्या गावातला बाजार पुन्हा उघडत नाही. पावसाळ्यात नद्या भरतात, म्हणून टोपलीच्या आकाराच्या, कातड्याने मढवलेल्या नावा आधीपासून बनवून घेतल्या. ज्या पावसात शत्रूचे स्वार अडतील, त्या पावसात आपण नदी ओलांडू, असा त्याचा हिशेब होता. लढाईच्या आधीचे हे महिने त्याने असे वापरले.

२१ सप्टेंबरला बदनापूरला वेलस्ली आणि स्टीव्हन्सन भेटले. दोघांनी दोन वाटांनी जाऊन २४ तारखेला शत्रूला गाठायचे ठरले. पण २३ तारखेला नळणीजवळ वेलस्लीला बातमी लागली, की मराठी फौज वाटली होती त्याहून पुष्कळ जवळ, केळणेच्या पलीकडे उभी आहे. स्टीव्हन्सनची वाट पाहावी तर शत्रू निसटेल. त्याने एकट्यानेच भिडायचे ठरवले.

समोर केळणा. पलीकडच्या काठावर तोफांची रांग. उतार कोठे? वाटाड्ये म्हणाले, जवळ उतार नाही. वेलस्लीने दुर्बीण लावली. पूर्वेकडे नदीच्या एका काठावर पिंपळगाव आणि बरोबर समोर दुसऱ्या काठावर वरूड अशी दोन गावे त्याला दिसली. त्याने मनाशी म्हटले, की दोन गावे अशी समोरासमोर वसली आहेत, तर माणसांची येजा असणारच, आणि येजा असेल तर उतारही असणार. उतार होता! अहो, हे तर आपल्यातले गुरे राखणारे पोरही सांगेल. पण त्या दिवशी ते परक्या माणसाने ओळखले, आणि आपल्या बाजूने त्या उतारावर साधा पहाराही ठेवलेला नव्हता.

इंग्रज फौज नदी उतरून दोन नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात, मराठ्यांच्या डाव्या बगलेवर आली. वेलस्लीची अटकळ अशी, की एवढे पायदळ एवढ्या तोफांसह झटकन तोंड फिरवू शकणार नाही. येथे तो चुकला. पोलमनच्या पलटणींनी दक्षिणेकडचे तोंड पूर्वेकडे वळवले. उजवी बाजू केळणेवर, डावी बाजू असई गावावर, आणि पुढे तोफांची रांग. गोळागोळी चालू असताना ही हालचाल बिनचूक करणे युरोपातल्या उत्तम फौजेलाही सोपे नव्हते.

मग तोफा सुरू झाल्या. इंग्रजांच्या तोफांचे बैल आणि गोलंदाज आरंभीच इतके पडले, की त्या तोफा मागेच टाकून पायदळाला पुढे जावे लागले. त्यांची उजवीकडची एक तुकडी चुकून थेट असई गावाच्या रोखाने गेली आणि ७४ वी स्कॉटिश पलटण तिच्या मागोमाग. गावातल्या आणि बाजूच्या तोफांनी ती पलटण जवळजवळ नाहीशी केली. तिचे बहुतेक सारे अधिकारी मेले किंवा जखमी झाले. इंग्रज घोडदळ धावून आले म्हणून उरलेले वाचले.

दुसऱ्या टोकाला इंग्रज पायदळ संगिनी रोखून तोफांपर्यंत पोचले. आपले गोलंदाज पळाले नाहीत. तोफेजवळच संगिनीने भोसकले जाईपर्यंत ते उभे राहिले, असे इंग्रजांचेच दाखले आहेत. त्यातले काही तोफांखाली निपचित पडून राहिले. शत्रूची रांग पुढे निघून गेली, तसे ते उठले, तोफांची तोंडे उलटी फिरवली आणि इंग्रजांच्या पाठीवर मारा सुरू केला. वेलस्लीला स्वतः एक पलटण आणि एक रिसाला घेऊन मागे फिरावे लागले आणि त्याच तोफा दुसऱ्यांदा घ्याव्या लागल्या. त्या गडबडीत त्याचा घोडा भाल्याने जखमी झाला.

मग ते तीस-चाळीस हजार स्वार कोठे होते? ते बाजूला उभे होते. लढाई रंगात असताना त्यांनी पाठीवर घाला घातला असता, तर थकलेले, घटलेले ते इंग्रज टिकते का, हा प्रश्न तुम्हीच आपल्याशी विचारा. दोन्ही सरदार रणांगण सोडून गेले. पायदळ जुईच्या काठी पुन्हा रांग धरून उभे राहिले, शेवटच्या हल्ल्यात कर्नल मॅक्सवेलला त्यांनी पाडले, आणि मग ते उत्तरेकडे निघून गेले. तोफा मागे राहिल्या. वेलस्लीने ९८ मोजल्या.

इंग्रजांकडचे ४२८ मेले, ११३८ जखमी झाले, १८ बेपत्ता. साडेचार हजारांत हा आकडा तिसऱ्या हिश्शाहून अधिक होतो. आपल्या बाजूचे सुमारे सहा हजार मेले वा जखमी झाले, असा अंदाज आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्टीव्हन्सन आला. पण पाठलाग लगेच करण्याचे त्राण इंग्रजांत राहिले नव्हते, इतके जखमी त्यांना आवरायचे होते.

पुढे २९ नोव्हेंबरला अडगाव, १५ डिसेंबरला गाविलगड. १७ डिसेंबरला भोसल्यांनी देवगावला आणि ३० डिसेंबरला शिंद्यांनी सुर्जी अंजनगावला तह केला. शिंद्यांच्या तहात अजिंठ्याच्या डोंगरापासून गोदावरीपर्यंतचा त्यांचा मुलूख सोडून देण्याचे कलम होते, आणि त्यात जालन्याचा किल्ला, शहर आणि परगणा यांची नावे घालून नोंद होती. हा मुलूख इंग्रजांचा दोस्त म्हणून निजामाकडे गेला. तो तेथून सुटला १७ सप्टेंबर १९४८ रोजी. म्हणजे असईच्या त्या एका दुपारचे ओझे आपल्या आजोबा-पणजोबांनी १४५ वर्षे वाहिले.

आता आपणांस कळले असेल, की असईला कवायत कमी पडली नाही, तोफा कमी पडल्या नाहीत, हिंमत तर नाहीच नाही. कमी पडली ती एकजूट. होळकर बाजूला, पेशवे शत्रूकडे, स्वार बघे, सरदार निघून गेलेले आणि अधिकारी भाडोत्री. सगळ्यांत खालच्या माणसाने आपले काम चोख केले आणि वरच्यांनी त्याला वाऱ्यावर सोडले.

इंग्रजांनी आपल्या माणसांची आठवण निशाणांवर, पदकांवर जपली. तोफेजवळ उभे राहून मेलेल्या आमच्या गोलंदाजांची नावे इतिहासाच्या पुस्तकांत नाहीत. म्हणून शिक्षकबंधूंना माझी एक विनंती आहे. सप्टेंबरात, नद्यांना पाणी असताना, मुलांना असईला घेऊन जा. प्रथम त्यांना केळणेच्या काठावर उभे करून विचारा, उतार कोठे असेल? ते बरोबर सांगतील. मग असईच्या बाजूला तोंड करून विचारा, येथे कोण उभे होते आणि ते का हरले? त्याचे उत्तर मात्र त्यांना घाईने देऊ नका. त्यांना जरा विचार करू द्या.