सासूच आत्या असेल तेव्हा

कराड-मिरजेकडच्या कॅन्सर ओपीडीत केसपेपरवर एक प्रश्न ठरलेला असतो : घरात आणखी कुणाला होता का? उत्तर बहुधा ‘नाही’ येतं. जरा बसून बोललं की मग निघतं, आजीच्या छातीत गाठ होती म्हणायचे, पण दवाखाना कोण करतंय!

स्तनाच्या कर्करोगाच्या जोखमीचा अभ्यास करू पाहणाऱ्यांचं स्वागत करताना पहिली विनंती हीच, की नाती नीट विचारा. सातारा-सांगलीकडे मामाची मुलगी करून आणायची चाल जुनी. अशा घरात सुनेची सासू ही तिची सख्खी आत्या असते. ‘सासरचं कशाला विचारायचं’ म्हणून पुढे गेलात, तर रक्ताचं नातंच नोंदीतून निसटतं. वडिलांकडची बाजूही अशीच राहून जाते. १९९० साली जनुकशास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी सतराव्या गुणसूत्रावर ज्याची जागा दाखवली, त्या बीआरसीए१ जनुकातला, ही जोखीम वाढवणारा दोष बापाकडूनही मुलीकडे तितकाच येतो.

तरीही सगळं खापर घराण्यावर फोडता येत नाही. हा आजार झालेल्या नऊपैकी आठ जणींच्या आई, बहीण किंवा मुलीला तो झालेला नसतो. पाळी कोणत्या वयात आली, कधी गेली, पहिलं मूल कधी झालं, अंगावर किती महिने पाजलं, पाळी गेल्यावर वजन किती वाढलं, दारू, आणि सगळ्यांत मोठं कारण म्हणजे वय. मूलबाळ नसलेल्या ख्रिस्ती मठांतल्या जोगिणींमध्ये हा रोग जास्त दिसतो, हे रामाझिनी या इटालियन वैद्यानं १७१३ सालीच लिहून ठेवलं होतं. तीस देशांतल्या पाहण्या एकत्र करून २००२ साली हिशेब निघाला : दर बाळंतपणामागे जोखीम सात टक्क्यांनी कमी होते, आणि एकूण बारा महिने पाजलं की आणखी ४.३ टक्क्यांनी. हे आकडे हजारो बायकांचे आहेत. समोर बसलेल्या एकीला ‘लवकर दूध तोडलंस म्हणून झालं’ असं कुणी ऐकवू नये. तो निव्वळ दुष्टपणा आहे.

आपल्याकडचा पुरावाही जवळच आहे. मुंबईची कर्करोग नोंदणी १९६३ची, बार्शीची ग्रामीण नोंदणी १९८७ची. स्तनाच्या कर्करोगाचं मुंबईतलं प्रमाण बार्शीच्या दुपटीहून जास्त. एक बहीण माणमध्ये, दुसरी माथाडी नवऱ्याबरोबर नवी मुंबईत कोपरखैरण्यात, अशी घरं साताऱ्यात गावोगाव आहेत. रक्त एकच, राहणी वेगळी. अभ्यासाला याहून चांगली जागा कुठली?

टाटा रुग्णालयानं १९९८पासून मुंबईच्या वस्त्यांतल्या दीड लाख बायकांचा अभ्यास केला. त्यांतल्या निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हातानं स्तनतपासणी करत. तिथं पन्नाशीपुढच्या बायकांत या रोगाचे मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत मात्र तसा फरक दिसला नाही, आणि आपल्याकडे कितीतरी रुग्ण त्याच वयाच्या असतात. त्यांच्यातल्या कुणाला तपासणीला आधी बोलवायचं, हे जोखीम पाहून अजून ठरायचंय.