किहीमच्या सुगरणी आणि न मोजलेले किडे

अलिबागला वीकएंडला जाणाऱ्या बऱ्याच जणांना किहीमची एक गोष्ट ठाऊक असते. सलीम अली १९३० साली जर्मनीहून शिकून परतले, तेव्हा प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममधली त्यांची गाइडची नोकरी पैशाअभावी गेलेली होती. मग मुक्काम किहीमच्या घरी. तिथे सुगरण पक्ष्यांच्या घरट्यांवर नजर ठेवून त्यांनी शोधून काढलं, की एकच नर एका हंगामात एकामागून एक घरटी बांधतो आणि नवे संसार थाटतो. बेकारीतलं इतकं फलदायी काम क्वचितच कुणी केलं असेल!

आता यातला दुर्लक्षित भाग बघा. सुगरण स्वतः दाणे टिपते, पण पिलांना वाढवते ती किड्यांवर. म्हणजे त्या लटकत्या घरट्यांचा सगळा कारभार आजूबाजूच्या टोळ-अळ्यांच्या जिवावर. पक्षी प्रसिद्ध झाला, किडे तसेच राहिले. आपल्या संग्रहालयांचंही थोडंफार असंच झालंय.

आधी थोडा हिशेब. जगात नाव दिलेल्या कीटकांच्या जाती सुमारे १० लाख. त्यांचे चार बडे गण. कोलिऑप्टेरा म्हणजे भुंगे, काजवे, धान्यातले सोंडे. हे एकटेच साडेतीन लाखांच्या वर. लेपिडॉप्टेरा म्हणजे फुलपाखरं आणि पतंग, डिप्टेरा म्हणजे माश्या आणि डास, हायमेनॉप्टेरा म्हणजे मुंग्या, मधमाश्या, गांधीलमाश्या. हे तिन्ही साधारण दीड-दीड लाखाच्या घरात. त्यात नुसती फुलपाखरं किती? सुमारे १८ हजार. शंभरात दोनसुद्धा नाहीत! आणि तरी कीटकांचं दालन म्हटलं की डोळ्यासमोर फुलपाखरांचीच काचपेटी येते ना?

हे असं का झालं, ते कळायला थोडं मागे जावं लागेल. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १५ सप्टेंबर १८८३ ला स्थापन झाली. संस्थापक आठ, त्यात डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे आपले दोघे. पहिला सचिव एडवर्ड हॅमिल्टन एटकेन. हा गडी साताऱ्यात जन्मलेला, नोकरी मीठ आणि जकात खात्यात. आज रायगड जिल्ह्यात असलेल्या उरणलाही त्याची नेमणूक होती. पोटापाण्याला मिठागरं, बाकी वेळ किड्यामुंग्या. आपल्यासारखाच वीकएंडवाला माणूस म्हणा ना! १८९० च्या दशकात त्याने डेव्हिडसन आणि बेल या मित्रांबरोबर उत्तर कानडा जिल्ह्यातल्या फुलपाखरांवर, त्यांच्या अळ्या पाळून पाळून, मोठी लेखमाला लिहिली.

आणि १९०२ साली त्याला गोव्याच्या सरहद्दीवरच्या नाक्यांवर मलेरिया का पसरतो ते बघायला पाठवलं. तिथे एक नवा डास सापडला, आज त्याला एटकेनचंच नाव आहे: अ‍ॅनोफिलीस एटकेनी.

मला यात एक नियमच दिसतो. किडा संग्रहालयाच्या खणात शिरतो तो दोनच दारांनी. एक तर तो देखणा असावा, नाही तर त्याने माणसाला छळावं. शिवाय सोयीचाही भाग आहे. फुलपाखरू आणि भुंगा वाळवून टाचणीला लावला की वर्षानुवर्षं टिकतो. मऊ अंगाचे किडे अल्कोहोलमध्ये ठेवावे लागतात, आणि अगदी बारीक असतील तर काचपट्टीवर चढवून मायक्रोस्कोपखाली बघावे लागतात. कोण करणार एवढं?

अलिबागचंच घ्या. नारळाचा कोंब पोखरणारा गेंडाभुंगा मोठा, टणक आणि वर त्रासदायक, त्यामुळे त्याला लिनियसने १७५८ सालीच नाव दिलं. पांढऱ्या कांद्याच्या पातीतला रस शोषणारे फुलकिडे जेमतेम एखाद मिलिमीटरचे. त्यांचा वेगळाच गण आहे, थायसनॉप्टेरा. शेतकरी त्यांना चांगला ओळखतो, पण दालनात तुम्हाला ते दिसणार नाहीत. आणि जे ना देखणे ना त्रासदायक, त्यांचं तर विचारूच नका.

सोसायटीच्या संग्रहात सुमारे २९ हजार पक्षी आहेत आणि सुमारे ५० हजार कीटक. वाटतं की कीटकांची चंगळ आहे. पण भारतात पक्ष्यांच्या जाती १३०० च्या आसपास आणि कीटकांच्या ६० हजारांच्या वर. ढोबळ भागाकार केला तर पक्ष्याच्या जातीमागे वीसेक नमुने, कीटकाच्या जातीमागे एकही पुरता नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर सॅम्पलच तिरकं आहे.

पण यावर उपाय नाही असं नाही. जर्मनीत क्रेफेल्ड गावच्या हौशी कीटकप्रेमींच्या मंडळाने आवडनिवड बाजूला ठेवली. संरक्षित जागांमध्ये जाळ्या लावल्या, जे अडकलं ते सगळं बाटल्यांत भरून जपलं, वजन केलं. २०१७ साली २७ वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला: उडणाऱ्या कीटकांचं वजन पाऊण हिश्श्याहून जास्त घटलं होतं. सुंदर फुलपाखरांच्या पेटीतून हे कधीच कळलं नसतं.

अलिबागच्या वाड्यांमध्ये बंगले उठतायत, रात्रभर दिवे जळतायत. काजवे कमी झाले का हो? गावातली म्हातारी माणसं सांगतीलही, पण सिद्ध कशावरून करायचं? त्यासाठी आधीची नोंद हवी. संग्रहालयातल्या टाचणीवर किड्याखाली एक चिमुकली चिठ्ठी असते: गाव, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. खरी किंमत त्या चिठ्ठीची. तेव्हा पुढच्या खेपेला मांडव्याला उतरलात, तर समोर येईल त्या कुरूप किड्याचाही फोटो काढा. नाव माहीत नसलं तरी चालेल, गाव आणि तारीख मात्र लिहून ठेवा.