स्थलदर्शक नकाशा : एक इतिहाससाधन (डेव्हिल्स लेक परिसराच्या संदर्भात)

प्रस्तुत निबंधात अमेरिकेच्या नॉर्थ डाकोटा राज्यातील डेव्हिल्स लेक परिसराच्या स्थलदर्शक नकाशांचा इतिहाससाधन म्हणून विचार केला आहे. प्रेअरी प्रदेशातील या नकाशांवर दोन व्यवस्था एकत्र दिसतात. १७८५ च्या भूमी अध्यादेशातून आलेली एक चौरस मैलाची (६४० एकर) सरळ चौकट ही मानवी. तर हिमनद्यांनी घडविलेल्या खोलगट भागांच्या वक्र समोच्चरेषा ही नैसर्गिक. चौकटीने जमिनीची मालकी निश्चित केली. पाण्याची सीमा मात्र स्थिर नव्हती. सरोवराचे पाणी एरवी बाहेर वाहून जात नसल्याने १९४० मध्ये सुमारे १,४०१ फुटांवर असलेली पातळी २०११ मध्ये सुमारे १,४५४ फुटांवर पोहोचली. शेते, रस्ते व घरे बुडाली. जुन्या नकाशावरील निळी किनाररेषा ही केवळ सर्वेक्षणकाळाची नोंद होती. पाणी कोठवर चढू शकेल, हे त्याच पत्रकावरील समोच्चरेषा सांगत होत्या. डाकोटा लोकांचे ‘म्नी वाकान’ म्हणजे पवित्र जल. नकाशावर मात्र ते सैतानाचे सरोवर झाले. सारांश, नकाशातील रेषा व नावे कोणी व केव्हा नोंदविली, हे तपासूनच संशोधकाने त्याचे वाचन करणे अगत्याचे ठरते.