हशा कापायचा नसतो: डॅन कान नावाच्या एडिटरची गोष्ट

आजचा भाग ऐकताना एक छोटी विनंती आहे. तुमच्या ॲपमध्ये 'शांतता वगळा' असं काही सेटिंग चालू असेल, तर ते आजच्यापुरतं बंद करा. का, ते शेवटी सांगतो.

तुम्ही हा सीन रीलमध्ये कधीतरी पाहिला असणार. दोन बायका चॉकलेटच्या कारखान्यात पट्ट्यासमोर उभ्या आहेत. पट्ट्यावरून चॉकलेटं येतायत आणि त्यांना ती कागदात गुंडाळायची आहेत. आधी सगळं आरामात चालतं. मग पट्ट्याचा वेग वाढतो. हात पुरत नाहीत, म्हणून दोघी चॉकलेटं तोंडात कोंबतात, टोपीत लपवतात, कपड्यात टाकतात. हा सीन अमेरिकेतल्या टीव्हीवर १५ सप्टेंबर १९५२ला पहिल्यांदा दिसला. मालिका 'आय लव्ह लूसी', अभिनेत्री ल्यूसिल बॉल, सोबत व्हिव्हियन व्हान्स. दिग्दर्शक विल्यम ॲशर.

सत्तर वर्षांहून जुना सीन आहे, भाषा आपली नाही, तरी हसू येतं. आपण म्हणतो, वा, काय अभिनय! बरोबरच आहे. पण दोघी एकत्र कधी दिसाव्यात, नुसता लूसीचा चेहरा कधी दिसावा आणि तो किती वेळ राहावा, हे कुणीतरी ठरवलेलं असतं. आज त्या 'कुणीतरी'ची गोष्ट. त्याचं नाव डॅन कान. हो, आडनाव कान. मराठी माणसाला हे वाचून गंमत वाटेल, पण या माणसाच्या कामाला याहून चांगलं आडनाव मिळालं नसतं.

आधी थोडं मागे जाऊ.

१९५१ साल. अमेरिकेतल्या टीव्हीचं केंद्र न्यूयॉर्क होतं आणि बहुतेक विनोदी कार्यक्रम तिथूनच लाइव्ह व्हायचे. दोन किनाऱ्यांना जोडणारी टीव्हीची लाइन तेव्हा नुकतीच सुरू होत होती. मग लांबच्या शहरांना कार्यक्रम कसा दाखवायचे? टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा लावून त्यावरच्या चित्राचं शूटिंग करायचे आणि ती फिल्म पाठवायचे. याला किनेस्कोप म्हणत. आज आपण लॅपटॉपच्या स्क्रीनचा मोबाइलने व्हिडिओ काढतो ना, साधारण तसंच. चित्र धुरकट, करडं.

ल्यूसिल बॉल आणि तिचा नवरा डेसी आर्नाझ दोघंही हॉलिवूडमध्ये राहणारे. त्यांना न्यूयॉर्कला जायचं नव्हतं. इकडे प्रायोजक सिगारेट कंपनी, ग्राहक जास्त पूर्वेकडे. त्यांना धुरकट चित्र नको होतं. मग तोडगा निघाला, की मालिका सिनेमासारखी चक्क ३५ मिलिमीटर फिल्मवर शूट करायची, म्हणजे सगळीकडे सारखंच स्वच्छ चित्र जाईल. त्यासाठी एका भागाचा खर्च सुमारे ५,००० डॉलरनी वाढणार होता. बॉल आणि आर्नाझनी आपल्या मानधनातून आठवड्याला १,००० डॉलर कमी घेतले. बदल्यात मालिकेची मालकी त्यांच्या देसीलू कंपनीकडे आली. या सौद्याचं पुढे काय झालं, तेही येईलच.

आता खरी अडचण. ल्यूसिल बॉल प्रेक्षकांसमोर खुलायची. समोर माणसं हसली की तिचं काम चढत जायचं. म्हणून स्टुडिओत सुमारे ३०० प्रेक्षक बसवायचे ठरले. पण सिनेमाचं शूटिंग तर तुकड्यातुकड्यांत होतं. एक शॉट घ्या, दिवे हलवा, पुन्हा तोच संवाद म्हणा. तीच ओळ चौथ्यांदा ऐकून कोण हसणार?

म्हणून नाटकासारखा सलग प्रयोग करायचा आणि तीन फिल्म कॅमेऱ्यांनी तो एकाच वेळी टिपायचा असं ठरलं. कॅमेऱ्याची जबाबदारी कार्ल फ्रॉइंड यांच्याकडे. हेच १९२७च्या 'मेट्रोपोलिस' या जर्मन सिनेमाचे एक छायालेखक. त्यांनी दिवे वर टांगले आणि सगळ्या सेटवर सारखा उजेड पाडला, म्हणजे कुठल्याही कोनातून घेतलं तरी चित्र जुळावं. पहिल्या सीझनचे दिग्दर्शक मार्क डॅनियल्स. व्हिव्हियन व्हान्सचं नाव सुचवणारे तेच. कोण कुठून कुठे चालणार, त्या वेळी कुठला कॅमेरा कुठे असणार, हे सगळं ते तालमीतच बसवायचे. प्रेक्षक आत आले की मग थांबायचं नाही.

प्रयोग झाला, टाळ्या पडल्या, प्रेक्षक घरी गेले. आणि एडिटरच्या टेबलावर काय आलं? एकाच प्रसंगाच्या तीन वेगवेगळ्या फिल्म आणि आवाजाचा एक ट्रॅक.

त्या वेळी डॅन कान अठ्ठावीस वर्षांचा होता. जन्म १९२३चा, लॉस एंजेलिसचा. वडील फिलिप कान सिनेमाचे एडिटर, काका एडवर्ड कान दिग्दर्शक. म्हणजे फिल्मचा वास घरातलाच. दुसऱ्या महायुद्धात तो सैन्याच्या फिल्म तुकडीत होता. पण हे असलं काम घरातही कुणी केलं नव्हतं.

फिल्म कापायला तेव्हा मूव्हिओला नावाचं यंत्र असायचं. एका छोट्या खिडकीत चित्र बघायचं, बाजूला आवाज. एका वेळी एकच फिल्म. तीन कॅमेऱ्यांचं काम यावर करायचं म्हणजे एक बघ, काढ, दुसरी लाव, ती बघ, काढ, तिसरी लाव. आठवड्याला एक भाग द्यायचा असताना हे जमणार कसं? मग खास यंत्र आलं. चित्रासाठी तीन डोकी, आवाजासाठी वेगळं एक, आणि सगळं एकत्र फिरणार. तिन्ही कोन शेजारी शेजारी दिसायचे. त्या अवाढव्य धुडाला नाव पडलं 'तीन डोक्यांचा राक्षस'. आज फोनवरच्या एडिटिंग ॲपमध्ये दोन-तीन व्हिडिओ एकाखाली एक लावता ना? त्या सोयीचा हा एक आजोबा.

यंत्र आलं, पण कुठे कापायचं हे यंत्र सांगत नाही.

सिनेमाच्या एडिटरकडे एक मोठी सत्ता असते. थांबा लांबला तर कापून टाका. इथे ती सत्ता नव्हती. का? कारण आवाजाच्या ट्रॅकवर ३०० माणसांचा हशा होता. नाटक बघणाऱ्यांना हे लगेच कळेल. विनोद पडला की कसलेला नट पुढचं वाक्य लगेच घेत नाही. हशा चढू देतो आणि तो उतरायला लागला की नेमका पुढचं वाक्य टाकतो. लवकर टाकलं तर वाक्य हशात बुडतं, उशीर केला तर प्रयोग थंड पडतो. लूसीच्या सेटवरचे नट हेच करत होते. म्हणजे लय नटांनी आणि प्रेक्षकांनी मिळून आधीच ठरवलेली होती. त्यातला एखादा सेकंद उचलून फेकला तर हशा मध्येच तुटल्यासारखा वाटणार.

मग एडिटरने करायचं काय? ऐकायचं. हशा कुठे सुरू होतो, कुठे टिपेला जातो, कुठे ओसरतो. आणि तेवढ्या वेळात घरी बसलेल्या माणसाने कुणाकडे बघावं हे ठरवायचं. लूसी चॉकलेट तोंडात कोंबत असेल तर जवळ जायचं की लांबच राहायचं? जवळ गेलो तर फुगलेले गाल दिसतील, पण पट्टा दिसणार नाही. आणि पट्टा दिसला नाही तर गाल का फुगलेत ते कळणार नाही. विनोदात कारण आणि परिणाम दोन्ही दिसावे लागतात. म्हणून अशा मालिकांत लांबचा शॉट एवढा टिकतो. तो आळस नसतो, तो निर्णय असतो.

आणि चूक झाली तर? दिग्दर्शकाला, नटाला त्या दिवशीच कळतं, समोर कुणी हसत नाही. एडिटरची चूक वेगळी. स्टुडिओत ३०० माणसं हसलेली असतात, ट्रॅकवर त्याचा पुरावा असतो, आणि तरी घरचा माणूस हसत नाही, कारण त्याला नेमकी गोष्ट दिसलेलीच नसते. आणि काम बरोबर झालं, तर ते कुणाच्या लक्षातच येत नाही.

आता त्या सौद्याकडे. १९ जानेवारी १९५३ला लूसीला बाळ होतं तो भाग दाखवला गेला. सुमारे ४ कोटी ४० लाख लोकांनी तो पाहिला. दुसऱ्या दिवशीच्या राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या शपथविधीला एवढे प्रेक्षक नव्हते. आणि खरी ल्यूसिल बॉल? त्याच दिवशी हॉस्पिटलमध्ये तिला मुलगा झाला होता. कार्यक्रम लाइव्ह असता तर हे शक्यच नव्हतं. ती विश्रांतीवर असताना जुने भाग पुन्हा दाखवले आणि लोकांनी ते पुन्हा पाहिले. शिळं झालेलं विकलं जातं, हे टीव्हीला तिथे उमगलं. पुढे देसीलूने ते भाग सीबीएसला लाखो डॉलरना विकले आणि १९५७मध्ये आरकेओ स्टुडिओ विकत घेतला. त्याच स्टुडिओत ल्यूसिल एके काळी पगारी नटी होती. १९६६मध्ये 'स्टार ट्रेक' आली तीही देसीलूचीच, आणि तिचे बरेच भाग आपल्या मार्क डॅनियल्सनी केले.

डॅन कान देसीलूत मोठा झाला. त्याचा सहायक बड मोलिन पुढे 'द डिक व्हॅन डाइक शो'चा एडिटर झाला. दिग्दर्शकांचीही साखळी आहे. लूसीच्या सेटवर जे सँड्रिच नावाचा एक तरुण सहायक होता. तो पुढे 'मेरी टायलर मूर शो'चा दिग्दर्शक झाला. त्याच्या हाताखाली जेम्स बरोज शिकला. आणि १९९४मध्ये 'फ्रेंड्स'चा पहिला भाग कुणी दिग्दर्शित केला? याच बरोजने. समोर प्रेक्षक, सलग प्रयोग, अनेक कॅमेरे, पद्धत तीच. तुम्ही रात्री झोपताना 'फ्रेंड्स' लावता, तेव्हा त्या तीन डोक्यांच्या राक्षसाचा वंशजच बघत असता.

२०१२मध्ये डॅन कान गेला, ८९ वर्षांचा होऊन. ल्यूसिल बॉलचं नाव अमेरिकेत घराघरात आहे. त्याचं नाव श्रेयनामावलीत आहे, आणि ती आपण 'स्किप' करतो.

आता सुरुवातीची विनंती. हा पॉडकास्ट मी स्वतः एडिट करतो. पहिले काही महिने मी प्रत्येक श्वास, प्रत्येक थांबा काढून टाकायचो. भाग छोटा व्हायचा, चटपटीत वाटायचा. मग एका पाहुण्याने सांगितलेला किस्सा असाच आवळून कापला. रेकॉर्डिंगला आम्ही पोट धरून हसलो होतो. तयार भाग ऐकला तर कुणालाही हसू येईना. मी त्यांचं एकही वाक्य कापलं नव्हतं. फक्त वाक्यांमधली जागा कापली होती. ती परत घातली आणि किस्सा जिवंत झाला.

हशाला जागा लागते. ती जागा म्हणजे वाया गेलेला वेळ नाही. डॅन कानला ती कापता येत नव्हती, आणि त्याचं सगळं कौशल्य त्या न कापण्यातून घडलं. आपल्याला आता ती एका बोटाने कापता येते, म्हणून थोडं जपून.

तर आज रात्री तुमची आवडती कॉमेडी बघा. 'हास्यजत्रा' असो की 'फ्रेंड्स'. दीडच्या वेगाने नको, एकच्या वेगाने. आणि शेवटी नावं येतील तेव्हा 'एडिटर' या शब्दापुढे काय लिहिलंय, तेवढं एकदा वाचा. मला कळवा कुणाचं नाव सापडलं ते.

भेटू पुढच्या भागात.