खालच्या दाढेचं भुलीचं इंजेक्शन : चांदवडकरांनी काय माहीत ठेवावं?

दाढ ठणकायला लागली की आपल्या घरांत आधी लवंग, मग मेडिकलवरची गोळी, आणि अगदीच झोप उडाली की दवाखाना. उशीर होण्याचं मोठं कारण इंजेक्शनची भीती. "खालच्या दाढेला इंजेक्शन लागूच पडत नाही, तसंच उपटतात," असं कुणीतरी सांगितलेलं असतं. यात थोडं खरं आहे, पण बरंचसं ऐकीव आहे. म्हणून ही माहिती सोप्या भाषेत देत आहोत.

खालचा जबडा वेगळा का?

वरच्या जबड्याचं हाड पातळ आणि सच्छिद्र असतं. दाताशेजारी हिरडीत औषध सोडलं की ते झिरपून मुळाच्या नसेपर्यंत पोहोचतं. खालच्या जबड्याचं हाड दाढांपाशी जाड आणि घट्ट असतं, तिथे औषध झिरपत नाही. म्हणून डॉक्टर नस हाडात शिरण्याआधीच तिला गाठतात. ही नस जबड्याच्या मागच्या उभ्या भागात, आतल्या बाजूच्या एका छिद्रातून हाडात जाते. तिथे औषध सोडलं की त्या बाजूचे खालचे सगळे दात आणि अर्धा ओठ बधीर होतो. याला 'ब्लॉक' म्हणतात. जिभेची नस जवळच असल्याने अर्धी जीभही सुन्न होते. गालाकडच्या हिरडीची नस वेगळी असते, म्हणून दाढ काढताना आणखी एक छोटी सुई लागते. "दोनदा टोचलं म्हणजे पहिलं फुकट गेलं," असं समजू नये.

औषध कोणतं?

साधारणपणे 2 टक्के लिग्नोकेन, त्यात थोडं अ‍ॅड्रेनालिन. लिग्नोकेन 1943 मध्ये स्वीडनमध्ये तयार झालं आणि आजही तेच सर्वांत जास्त वापरलं जातं. अ‍ॅड्रेनालिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात, रक्तस्राव कमी होतो आणि भूल टिकते. इंजेक्शननंतर मिनिटभर छातीत धडधडतं ते बहुतेक वेळा यामुळे किंवा भीतीमुळे. ती अ‍ॅलर्जी नव्हे. लिग्नोकेनची खरी अ‍ॅलर्जी फार दुर्मीळ आहे. हे औषध पाण्यात विरघळवलेलं असतं. त्यात दारू किंवा जिलेटिन नसतं.

भूल चढायला 3 ते 5 मिनिटं लागतात. दात साधारण तासभर बधीर राहतो, ओठ आणि जीभ मात्र 3 ते 5 तास.

कधीकधी लागू का पडत नाही?

हा ब्लॉक अनुभवी हातानेही दरवेळी पूर्ण बसत नाही. नसेचं छिद्र प्रत्येकाच्या जबड्यात थोडं वर-खाली असतं. दाढ आतून खूप सुजली असेल तर ओठ सुन्न होऊनही दाढ दुखते. अशा वेळी डॉक्टर पुन्हा ब्लॉक देतात, दात आणि हाडाच्या फटीत औषध सोडतात किंवा आर्टिकेन नावाचं दुसरं औषध वापरतात. दुखत असेल तर हात वर करून लगेच सांगा. सब्र करायची ही जागा नाही.

दुसरी एक पद्धत 1973 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या गो-गेट्स यांनी मांडली. तोंड पूर्ण उघडून जबड्याच्या सांध्याजवळ, जरा उंचावर औषध देतात. भूल चढायला थोडा जास्त वेळ लागतो, पण एकाच सुईत जास्त भाग सुन्न होतो.

तोंडच उघडत नसेल तर?

हा प्रश्न आपल्याकडे सर्वांत गंभीर आहे. गुटखा, मावा, सुपारी खाऊन गालाची आतली कातडी कडक होते आणि तोंड हळूहळू बंद होत जातं. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी पुडी सुटलेली नाही. घरी तपासायचं असेल तर स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी करून तोंडात जातात का बघा. जात नसतील तर दाढ दुखण्याची वाट न बघता डॉक्टरांना दाखवा. या आजारातून पुढे कॅन्सर होऊ शकतो.

अशा पेशंटसाठी दात मिटलेले ठेवूनच देता येणारी पद्धत आहे. ती वझीरानी यांनी 1960 मध्ये आणि नायजेरियाच्या अकिनोसी यांनी 1977 मध्ये मांडली. दोघांच्या नावानेच ती ओळखली जाते. गाल बाजूला करून, वरच्या हिरडीच्या रेषेत सुई मागे नेतात. भूल चढली की स्नायू सैल होतात. सुजेमुळे तोंड बंद झालं असेल तर ते उघडायला मदत होते. गुटख्याने कडक झालेली कातडी मात्र इंजेक्शनने सैल होत नाही. तिथे दाढ काढणं अवघडच असतं, सर्जन लागू शकतो. चांदवडला सोय झाली नाही तर हायवेने मालेगाव किंवा नाशिक गाठता येतं. नाशिकला पंचवटीत डेंटल कॉलेज आहे.

जाण्याआधी हे सांगा

बीपी, शुगर, हृदयाचा आजार, रक्त पातळ करणारी गोळी, गरोदरपण, आधीचा त्रास, सगळं सांगा. गरोदर बाईला लिग्नोकेन देता येतं. मधले तीन महिने त्यासाठी सोयीचे. उपाशीपोटी जाऊ नका, चक्कर येते. लहान मुलांना डोस वजनानुसार देतात. घरी आल्यावर मूल सुन्न ओठ चावून जखम करतं, म्हणून भूल उतरेपर्यंत खायला देऊ नका आणि लक्ष ठेवा.

रोजा आणि वुजू

जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय फिक्ह अकादमीने 1997 मध्ये ठरवल्यानुसार दात काढल्याने किंवा पोषण न देणाऱ्या इंजेक्शनने रोजा तुटत नाही. अट एकच, रक्त, पाणी किंवा औषध घशाखाली जाऊ नये. दुखणं थांबण्यासारखं असेल तर इफ्तारनंतरची वेळ घेणं सोयीचं. दाढ काढल्यावर 24 तास जोरात गुळण्या करायच्या नाहीत, रक्ताची गुठळी निघून जाते. हनफी मसलकात वुजूतली कुल्ली सुन्नत आहे, फर्ज नाही; मात्र थुंकीत रक्त जास्त असेल तर वुजू तुटतो. गुस्लबाबत आपल्या इमामसाहेबांना विचारा.

हे दिसलं तर थांबू नका

हनुवटीखाली दोन्ही बाजूंना कडक सूज, ताप, गिळता न येणं, जीभ वर उचलली जाणं, श्वासाला त्रास. खालच्या दाढेचा पू गळ्यात उतरल्याची ही लक्षणं आहेत. यात जीव जाऊ शकतो. रात्र असली तरी थेट मोठं हॉस्पिटल गाठा. इंजेक्शनची भीती दहा मिनिटांची असते, पण भीतीपोटी पिकू दिलेली दाढ माणसाला इथपर्यंत आणते.