चार दिवसांचा चमत्कार

माझ्या आत्याला आमवात होता. सकाळी उठल्यावर तास-दीड तास तिला मूठ वळता यायची नाही. चहाचा कप ती दोन्ही तळव्यांत धरायची. नव्वदच्या दशकात कुणीतरी तिला एका वैदूकडून पुड्या आणून दिल्या. आठवड्याभरात ती पोळ्या लाटायला लागली. दोन-तीन महिन्यांत गाल भरले, चेहरा गोल झाला. ‘तब्येत सुधारली’ म्हणून घरात सगळे खूश! त्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असणार, हे कळायला तिच्या पाठीचा मणका दबावा लागला.

या पुड्यांची गोष्ट सुरू होते ती अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, मेयो क्लिनिकमध्ये. १९२९च्या एप्रिलमध्ये फिलिप हेंच या डॉक्टरांकडे ६५ वर्षांचा एक रुग्ण आला. तो स्वतःही डॉक्टर होता. त्याला कावीळ झाली आणि त्याचे आमवाताने आखडलेले सांधे मोकळे झाले. कावीळ गेल्यावरही कित्येक महिने त्याला आराम होता. हेंचना असे आणखी रुग्ण दिसत गेले. गरोदरपणात बायकांचा आमवात शमतो, हेही त्यांनी टिपलं. हा आजार परत न फिरणारा, असा तेव्हाचा समज होता. मग तो असा मध्येच मागे कसा हटतो? शरीरातच काहीतरी तयार होत असलं पाहिजे, असं हेंचनी ठरवलं आणि त्या अज्ञात पदार्थाला ‘एक्स’ म्हटलं. त्यांनी रुग्णांना पित्ताचे क्षार दिले, कावीळ झालेल्यांचं रक्त दिलं, मुद्दाम कावीळ करून पाहिली. काहीच साधलं नाही. (शेरलॉक होम्सचं त्यांना वेड होतं, हे वाचलं तेव्हा मला नवल वाटलं नाही.)

त्याच संस्थेत एडवर्ड केंडाल हे रसायनशास्त्रज्ञ मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींमधून एकेक संयुग वेगळं काढत होते. त्यांतलं ‘संयुग ई’ वापरून पाहावं, असं दोघांनी १९४१मध्येच ठरवलं होतं. पण द्यायला ते होतं कुठे? मर्क कंपनीत लुईस सॅरेट यांनी बैलाच्या पित्तातल्या आम्लापासून सुरुवात करून, तीसहून अधिक पायऱ्या चढून ते बनवलं, तेव्हा कुठे काही ग्रॅम हाती आले.

२१ सप्टेंबर १९४८. २९ वर्षांची एक स्त्री दोन महिने मेयोत पडून होती. तिला जेमतेम हलता येत होतं आणि गुण आल्याशिवाय घरी जायला ती तयार नव्हती. तिला १०० मिलिग्रॅमचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. दोन दिवसांनी सकाळी ती अंथरुणात सहज कुशीवर वळली. चौथ्या दिवशी गावात जाऊन तीन तास खरेदी करून आली.

१९४९च्या एप्रिलमध्ये हेंचनी सहकाऱ्यांना रुग्णांच्या चित्रफिती दाखवल्या, आधीच्या आणि नंतरच्या. खोलीत टाळ्यांचा कडकडाट झाला. वर्तमानपत्रांनी बातमी जगभर नेली. १९५०मध्ये हेंच, केंडाल आणि स्वित्झर्लंडचे राइखस्टाइन यांना नोबेल मिळालं. औषधाचं नाव कॉर्टिसोन.

पण इंजेक्शन थांबवलं की दुखणं परत येई, आणि चालू ठेवलं तर चेहरा चंद्रासारखा गोल होई, साखर वाढे, हाडं ठिसूळ होत, काहींचं मन भ्रमिष्ट होई. आमवातात शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर तुटून पडते. स्टेरॉइड ती आग झपाट्याने दाबतं. पण बाहेरून मोठा डोस येत राहिला की आपल्या ग्रंथी काम सोडतात, त्यामुळे औषध एकदम बंदही करता येत नाही. हे हेंचनाही लवकरच दिसलं. कॉर्टिसोनला त्यांनी आमवातावरचा रामबाण इलाज कधी म्हटलं नव्हतं; तो शब्द ज्यांना हवा होता, त्यांनी लावला. आजही स्टेरॉइड लागतं, पण कमी मात्रेत, शक्य तितके थोडे दिवस, दुसरं औषध लागू पडेपर्यंत.

त्या दुसऱ्या औषधाच्या चित्रफिती कुणी काढल्या नाहीत. भीमावरममध्ये जन्मलेले, मद्रासमध्ये वैद्यक शिकलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव न्यूयॉर्कजवळच्या लेडर्ली प्रयोगशाळेत फॉलिक आम्लावर काम करत होते. त्याच कामातून फॉलिक आम्लाला अडवणारं अमिनोप्टेरिन निघालं आणि ते रक्ताच्या कर्करोगावर वापरलं गेलं. मेयोतल्या त्या इंजेक्शनच्या जेमतेम दीड महिना आधी, ऑगस्ट १९४८मध्ये, सुब्बाराव वारले. १९५१मध्ये गुबनर आणि सहकाऱ्यांनी अमिनोप्टेरिनने आमवाताच्या रुग्णांना बरं वाटल्याचं नोंदवलं. फारसं कुणी लक्ष दिलं नाही. सगळ्यांचे डोळे कॉर्टिसोनकडे होते; शिवाय कर्करोगाचं औषध सांध्यांना कोण देणार? त्याचं भावंड मेथोट्रेक्सेट, तेही अगदी कमी मात्रेत आणि आठवड्यातून एकदाच, आमवातासाठी अमेरिकेत अधिकृतपणे मंजूर व्हायला १९८८ उजाडलं.

मणका दबल्यावर आत्या शहरातल्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी स्टेरॉइड महिनोन्‌महिने कमी करत आणलं आणि मेथोट्रेक्सेट सुरू केलं. गोळी फक्त रविवारी, चुकूनही रोज नाही, हे त्यांनी तिच्याकडून तीनदा वदवून घेतलं. मधल्या एका दिवशी फॉलिक आम्लाची गोळी, आणि ठरावीक काळाने यकृताची आणि रक्ताची तपासणी. पहिले सहा आठवडे काहीच फरक पडला नाही. ‘चार दिवसांत उठवलं होतं त्या पुड्यांनी,’ ती चिडून म्हणायची. तिसऱ्या महिन्यात कधीतरी ती एका हाताने कप धरायला लागली. नेमकं कधी, ते घरात कुणाच्या लक्षातही आलं नाही. वैदूचा पत्ता मात्र तिच्या बटव्यात पुढे कित्येक वर्षं होता.