डोंगरावरच्या अँटेनापासून दिवाणखान्यातल्या डबीपर्यंत

शिक्षकांच्या एका शिबिरात आम्ही सहज विचारले, "केबल टीव्ही आणि टीव्हीमागे बसवायची ती छोटी डबी, यांत फरक काय?" बहुतेकांचे उत्तर एकच आले : "केबलला तार लागते, डबीला लागत नाही." उत्तर चुकीचे आहे, पण उपयोगी आहे. ते चुकीचे का, हे शोधू लागले की भौतिकशास्त्र, थोडे गणित, थोडे अर्थशास्त्र आणि न्यायालयातले दोन मजेदार खटले एका धाग्यात येतात. डबीचा हा इतिहास मुख्यतः अमेरिकेत घडला, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

दूरचित्रवाणीच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. मनोरा h मीटर उंच असेल, तर त्यावरून क्षितिज सुमारे ३.५७ × √h किलोमीटरवर दिसते. शंभर मीटरच्या मनोऱ्याला हे अंतर छत्तीस किलोमीटर येते. आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे, तर सिंहगडाचा माथा पुण्यापेक्षा साडेसातशे मीटर उंच आहे. तिथे अँटेना उभारली की अंतर शंभर किलोमीटरच्या घरात जाते. अर्थात मध्ये दुसरा डोंगर आला, की हिशेब संपला. वर्गात हे सूत्र पायथागोरसच्या प्रमेयावरून काढून घ्यावे. पृथ्वीची त्रिज्या तेवढी द्यावी लागते.

पेनसिल्व्हेनियातील महानॉय सिटी हे कोळशाच्या खाणींचे गाव नेमके अशा डोंगरामागे आहे. तिथे जॉन वॉल्सन नावाच्या गृहस्थांचे विजेच्या उपकरणांचे दुकान होते. दुकानात दूरचित्रवाणी संच होते, पण फिलाडेल्फियाची केंद्रे शंभराहून अधिक किलोमीटरवर, मध्ये डोंगर. पडद्यावर नुसत्या मुंग्या. असा संच कोण घेणार? वॉल्सन यांनी डोंगरावर अँटेना उभारली, तार गावात आणली आणि वाटेतल्या घरांनाही जोडून दिली. हे १९४८ च्या जूनमध्ये घडले असे ते सांगत. पण त्यांची कागदपत्रे पुढे आगीत जळाल्यामुळे पहिलेपणाचा वाद मिटलेला नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ओरेगन राज्यातील अॅस्टोरिया येथे एड पार्सन्स यांनी पत्नीच्या आग्रहावरून एका हॉटेलच्या गच्चीवर अँटेना लावून सुमारे दोनशे किलोमीटरवरचे सिअॅटलचे केंद्र पकडले आणि तिथून घरात तार नेली. म्हणजे केबल हा प्रक्षेपणाचा स्पर्धक नव्हताच. गावाने मिळून वापरायची ती एक उंच अँटेना होती. १९४८ ते १९५२ या काळात अमेरिकी सरकारने नवीन केंद्रांना परवाने देणे थांबवले होते. त्यामुळे ज्या गावांना केंद्र मिळाले नाही, तिथे अशा तारा झपाट्याने पसरल्या.

आता प्रश्न उभा राहिला हक्काचा. कार्यक्रम दुसऱ्याचा, तार याची, पैसे घेणार हा. चित्रपटांचे हक्क असलेली कंपनी वेस्ट व्हर्जिनियातील केबलवाल्यांविरुद्ध न्यायालयात गेली. १९६८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की केबलवाला हा प्रक्षेपकापेक्षा प्रेक्षकाच्याच अधिक जवळचा आहे. प्रेक्षकाने गच्चीवर अँटेना लावली तर तो गुन्हा नाही, मग चांगली अँटेना लावून देणाऱ्याचा कसा? हा युक्तिवाद लक्षात ठेवावा, तो पुढे पुन्हा भेटणार आहे. संसदेने मात्र १९७६ च्या कायद्याने तो उलटवला : केबलवाल्याने ठरलेले शुल्क भरावे आणि कार्यक्रम दाखवावेत.

तोवर केबलचे रूपही पालटले होते. १९७२ मध्ये पेनसिल्व्हेनियातच सुरू झालेल्या एचबीओ या वाहिनीने १९७५ च्या सप्टेंबरअखेर मनिला येथील अली-फ्रेझर मुष्टियुद्ध उपग्रहामार्फत केबल केंद्रांवर आणले. आता तारेतून जे येई, ते साध्या अँटेनाला मिळतच नव्हते. १९८० मध्ये सीएनएन आली. वाहिन्या वाढल्या आणि त्यांचा गठ्ठा बांधून विकण्याची पद्धत रूढ झाली.

हा गठ्ठा का बांधतात, हे दोन घरांच्या हिशेबाने समजते. एका घराला खेळांची वाहिनी महिना ८ डॉलरची वाटते, चित्रपटांची २ डॉलरची. दुसऱ्या घराचे नेमके उलट. वाहिन्या सुट्या ८ डॉलरला विकल्या, तर प्रत्येक घर एकच घेईल. मिळकत १६ डॉलर. दोन्हींचा गठ्ठा १० डॉलरला ठेवला तर दोन्ही घरे घेतील. मिळकत २० डॉलर, आणि घरांना दोन्ही वाहिन्या. तिसरे घर मात्र असे, की ज्याला खेळांत काडीचाही रस नाही. त्याने दहा डॉलर भरावेत किंवा उपाशी राहावे. अमेरिकेत अशी तिसरी घरे वाढत गेली, आणि डबीला गिऱ्हाईक मिळाले ते तिथे. (आपल्याकडे २०१९ मध्ये नियामक प्राधिकरणाने वाहिन्या सुट्या निवडण्याची मुभा दिली, तेव्हा घरोघरी कागद-पेन्सिल घेऊन झालेली चर्चा वाचकांना आठवत असेल. सुट्या वाहिन्यांची बेरीज अनेकदा गठ्ठ्याहून मोठी का येते, ते वरच्या हिशेबात आहे.)

पण गिऱ्हाईक असून भागत नाही. चित्र टेलिफोनच्या तारेतून किंवा तशाच अरुंद वाटेने जायला हवे. साध्या दर्जाचे एक चित्र ७२० × ४८० ठिपक्यांचे धरा. सेकंदाला अशी ३० चित्रे, प्रत्येक ठिपक्याला २४ बिट. गुणाकार करून पाहा : सेकंदाला जवळजवळ २५ कोटी बिट. घरगुती इंटरनेटवरून वीस लाख बिट सुखरूप आले तरी समाधान मानावे, असे ते दिवस होते. म्हणजे सव्वाशे पोत्यांतला माल एका पोत्यात बसवायचा.

ही किमया ज्या गणिताने साधली, त्याचा जन्म एका भारतीयाच्या हातून झाला, आणि हे आपल्या विद्यार्थ्यांना क्वचितच सांगितले जाते. १९४० मध्ये बंगळूर येथे जन्मलेले नासीर अहमद तिथल्याच विश्वेश्वरय्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन अमेरिकेत गेले. कॅन्सस राज्य विद्यापीठात शिकवत असताना १९७२ मध्ये त्यांनी एका कल्पनेसाठी राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे अनुदान मागितले. ते नाकारले गेले. अहमद यांनी पुढे लिहून ठेवले आहे, की एका परीक्षकाला ती कल्पना फारच सोपी वाटली होती! त्यांनी काम सोडले नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांचा निबंध १९७४ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाला.

कल्पना खरोखर सोपी आहे. चित्रातले शेजारशेजारचे आठ ठिपके घ्या आणि त्यांच्या उजेडाचे आकडे लिहा. आकाशाचा तुकडा असेल तर आकडे १००, १०१, १०१, १०२ असे जवळपासचेच येतील. आता हे आठ आकडे जसेच्या तसे न पाठवता त्यांची आठ लहरींत फोड करायची. पहिली लहर म्हणजे सपाट सरासरी, दुसरी एकच हलका उतार, तिसरी थोडी अधिक नागमोडी, असे करत आठवी सर्वांत दाट. या लहरी त्रिकोणमितीतल्या कोसाइनच्या. आकाशाच्या तुकड्यात पहिल्या एक-दोन लहरींचेच आकडे मोठे येतात. बाकीचे शून्याच्या आसपास. ते टाकून दिले तरी डोळ्याला पत्ता लागत नाही. एमपेग पद्धतीत याला दुसरी युक्ती जोडली आहे : लागोपाठच्या चित्रांत जे हलले, तेवढेच सांगायचे. दोन्ही मिळून सव्वाशे पोती एका पोत्यात जातात. आलेखाच्या कागदावर चार ठिपक्यांसाठी ही फोड अकरावीचे विद्यार्थी हाताने करू शकतात; आम्ही करून घेतली आहे, आणि शेवटचा आकडा शून्य आला की वर्गात होणारा आनंद पाहण्यासारखा असतो.

डबीच्या जन्माची हकीकत त्या मानाने लवकर सांगून होते. हौशी मंडळी २००२ पासूनच एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्रावर स्वतः लिहिलेली आज्ञावली चढवून त्याच्यावर चित्रपट पाहत होती; तीच आज्ञावली २०१४ पासून कोडी या नावाने ओळखली जाते. २००७ मध्ये अॅपलची डबी आली, पण तिच्यात ४० गिगाबाइटची चकती होती आणि किंमत २९९ डॉलर. त्याच वर्षी टपालाने चित्रफिती पाठवणाऱ्या नेटफ्लिक्सने त्या इंटरनेटवरून दाखवायला सुरुवात केली आणि अँथनी वुड या अभियंत्याकडे डबीचे काम सोपवले. डबी तयार होत आली, आणि ऐन वेळी कंपनीने माघार घेतली. आपणच यंत्र विकू लागलो, तर बाकीचे यंत्रनिर्माते आपल्याला दारात उभे करणार नाहीत, ही धास्ती. वुड ते काम आपल्या रोकू या कंपनीत घेऊन गेले. रोकू म्हणजे जपानीत सहा. ही त्यांची सहावी कंपनी. २००८ च्या मे महिन्यात ती डबी शंभर डॉलरला विक्रीस आली.

तिच्यात चकती नव्हती, हे महत्त्वाचे. मग इंटरनेट अडखळले तर? आपल्या घरांना याचे उत्तर ठाऊक आहे. नगरपालिकेचे पाणी कधी जोरात येते, कधी करंगळीएवढे. पण गच्चीवर टाकी असली की नळ एकसारखा चालतो. डबीत काही सेकंदांची अशी टाकी असते. २००९ पासून आणखी एक सुधारणा रूढ झाली. कार्यक्रमाचे सुमारे दहा-दहा सेकंदांचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा चार-पाच दर्जांत तयार ठेवायचा. टाकी रिकामी होऊ लागली की पुढचा तुकडा हलक्या दर्जाचा मागवायचा. चित्र मधेच धूसर होऊन पुन्हा लख्ख होते, ते यामुळे.

आता शिबिरातल्या उत्तराकडे वळू. डबीपर्यंत इंटरनेट आणले कोणी? अमेरिकेत बहुतेक ठिकाणी त्याच केबल कंपनीने, त्याच तारेतून. या तारेत ६ मेगाहर्ट्झच्या खणात पूर्वी एक वाहिनी जाई. १९९७ मध्ये ठरलेल्या मानकानुसार तोच खण संगणकीय माहितीसाठी वापरला, तर सेकंदाला सुमारे ३ कोटी ८० लाख बिट जातात. लोक म्हणत, आम्ही तार तोडली. तार तिथेच होती. तिच्यातून जाणारा माल तेवढा बदलला होता.

आणि मालाबरोबर हिशेबही. वाहिनीचा खण पाचशे घरांनी एकदम पाहिला तरी भार तेवढाच. डबीचे तसे नाही. प्रत्येक घराला स्वतःची प्रत लागते. वीस लाख बिटांच्या हिशेबाने त्याच खणात एकोणीस घरे बसतात, विसावे अडखळते. हव्या त्या वेळी हवे ते पाहण्याच्या मुभेची ही भौतिक किंमत आहे. ती कमी करण्यासाठी नेटफ्लिक्सने २०१२ पासून कार्यक्रमांच्या प्रती इंटरनेट पुरवठादारांच्या दारातच नेऊन ठेवल्या. आणि दुसऱ्या बाजूने, २००८ च्या ऑक्टोबरमध्ये कॉमकास्ट या मोठ्या केबल कंपनीने घरगुती गिऱ्हाइकाला महिना २५० गिगाबाइटची मर्यादा घातली. सेकंदाला ५० लाख बिटांचे चांगले चित्र रोज किती तास पाहता येईल, हे विद्यार्थ्यांना काढू द्या. चारपेक्षा थोडे कमी येते. केबलशी स्पर्धा करणाऱ्याची नाडी केबलवाल्याच्याच हातात होती, असे म्हणायला जागा आहे.

दुसरा खटला राहिला. भोपाळमध्ये जन्मलेले चेत कनोजिया यांनी २०१२ मध्ये न्यूयॉर्कला एरिओ नावाची सेवा सुरू केली. नाण्याएवढ्या हजारो अँटेना एका इमारतीत; प्रत्येक गिऱ्हाइकासाठी त्या वेळेपुरती त्याची स्वतःची एक अँटेना, आणि तिने पकडलेले चित्र इंटरनेटवरून त्याच्या डबीत. एका सामाईक अँटेनाने हे काम भागले असते. हजारो अँटेना होत्या त्या कायद्यासाठी. युक्तिवाद १९६८ चाच : प्रेक्षकाला अँटेना लावायचा हक्क आहे, आम्ही ती भाड्याने देतो. २५ जून २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो फेटाळला. ही सेवा केबलसारखीच आहे, म्हणून परवानगी हवी. मग एरिओने म्हटले, केबलसारखी तर केबलसारखी, आम्हाला १९७६ च्या कायद्याचे शुल्क लावा. तेही मान्य झाले नाही, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. आम्हाला व्यक्तिशः तीन मतांची बाजू अधिक तर्कशुद्ध वाटते. पण हा वर्गात वादविवादाला घ्यावा असा विषय आहे.

पुढचे आकडे थोडक्यात. जुलै २०२२ मध्ये अमेरिकेत इंटरनेटवरून दूरचित्रवाणी पाहण्याचा वेळ प्रथमच केबलच्या पुढे गेला. मे २०२५ मध्ये तो केबल आणि हवेतून येणारी केंद्रे यांच्या बेरजेपेक्षाही अधिक झाला. गठ्ठाही परत आला : इंटरनेटवरून वाहिन्यांचा गठ्ठा देणारी यूट्यूबची सेवा २०१७ मध्ये ३५ डॉलरला सुरू झाली, जानेवारी २०२५ मध्ये ती ८३ डॉलरला पोचली. २०१४ पासून रोकूची आज्ञावली थेट संचातच बसून येऊ लागली, त्यामुळे पुष्कळ घरांत वेगळी डबीही उरली नाही.

यातून काही अमेरिकी घरांनी काढलेली वाट मात्र गमतीची आहे. चित्रपटांसाठी डबी, आणि बातम्या व खेळांसाठी गच्चीवर साधी अँटेना. जून २००९ पासून तिथली प्रमुख केंद्रे अंकीय झाल्यामुळे तिच्यावर फुकट आणि स्वच्छ चित्र मिळते. अर्थात ही सोय सपाट प्रदेशातल्यांची. महानॉय सिटीच्या दरीत क्षितिजाचे गणित १९४८ मध्ये होते तेच आहे, आणि तिथे अजून तारच लागते.